मारणारं माणूस पाहिजे

मी तलवारबाजी करते असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात, मग खुर्चीच्या चाकांकडे बघतात आणि मग पाऊसपाण्याचं विचारतात. थोडे धीट असतात ते विचारतात, घोड्यावर बसून का? एकदा कणकवलीला जाताना एस.टी.त शेजारच्या गृहस्थांनी फार गंभीरपणे चौकशी केली की हे कुठल्या खात्यात येतं आणि पुढे पेन्शन बसतं का. पेन्शन नाही. माझं पोट शिवणाच्या क्लासवर चालतं. तलवारीवर मिळतात त्या शाली, आणि मालवणच्या हवेत शाल कोण पांघरतो?

संपादकांनी ‘तुमच्या संघर्षाविषयी लिहा’ असं कळवलं आहे. संघर्षाची माहिती माझ्यापेक्षा माझे सत्कार करणाऱ्यांना जास्त आहे, त्यांनी लिहावं. मी कामाविषयी लिहिते.

काम असं. दोन खुर्च्या समोरासमोर, जराशा तिरक्या, एका लोखंडी चौकटीत घट्ट बसवायच्या. चाक जराही हलता कामा नये. हातात फॉइल, म्हणजे बारीक पात्याची वाकणारी तलवार. टोकाला बोंड असतं, त्यामुळे ती भोसकत नाही, पण टोचते चांगली. तोंडावर जाळीचा मुखवटा, अंगात जाड जाकीट. समोरच्याच्या धडावर टोक टेकलं की एक गुण, पाच गुण आधी करील तो जिंकला. एका हातात तलवार, दुसऱ्या हाताने खुर्ची धरायची. बूड बैठकीवरून उचललं की चूक. उभ्याने खेळणारे मागे सरकतात, पळतात, दम खाऊन परत येतात. आमच्यात ते नाही. समोरचं माणूस हाताच्या अंतरावर बसलेलं असतं आणि शेवटपर्यंत तिथेच असतं. एकत्र कुटुंबात राहिलेल्यांना हे समजायला जड जाऊ नये.

आमच्याकडे माणसं झाडावरून पडतात, त्याचं कोणाला नवल नाही. मी कोकमाचे रतांबे काढताना पडले आणि कंबरेखालचं गेलं. मुंबईच्या इस्पितळात बरेच महिने काढले. तिथे व्यायामोपचाराच्या रेगेबाई होत्या. त्या परदेशात शिकून आल्या होत्या आणि पाठीचा कणा दुखावलेल्या बायकांना दंडात ताकद यावी म्हणून हातात तलवार देत. मला ते आवडलं. आजारी माणसाच्या हातात लोक सहसा मोसंबी देतात.

गावी परतताना बाईंनी दोन जुन्या तलवारी आणि दोन मुखवटे बरोबर दिले. चौकट बाजारातल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेतली. जाकिटं मी स्वतः शिवली, होडीच्या शिडाच्या कापडाची, तीन पदरी. तारकर्लीच्या रस्त्याला आमचं घर. खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, चौकट ठोकली. एका बाजूला माझी खुर्ची, दुसऱ्या बाजूला दादाची हातांची लाकडी खुर्ची. दादा म्हणजे माझा भाऊ, हायस्कुलात शिक्षक. लाकडी खुर्चीत बसायला कोणी नव्हतं, एवढीच अडचण.

सत्कार मात्र लगेच सुरू झाले. आमचा जिल्हा तेव्हा नवा झाला होता आणि प्रत्येक गोष्टीत ‘जिल्ह्यातील पहिली’ कोण ते शोधण्याची घाई होती. अपंगांचं म्हणून एक वर्षही त्याच सुमारास साजरं झालं. मी दोन्हींत बसत होते. मला खुर्चीसकट उचलून व्यासपीठावर ठेवत, एक शाल, एक नारळ आणि भाषण. नारळाच्या बागेत राहणाऱ्या बाईला नारळ देताना कोणाचा हात अडखळला नाही. भाषणात ‘पाय नसतानाही’ असं हमखास येई. माझे पाय आहेत. चालत नाहीत, एवढंच. पण भाषणाला पाय नसलेली बाई जास्त सोयीची पडते.

वहिनी त्या वेळी पडद्याआड उभी असायची, मागच्या सत्काराचा नारळ आणि माझी पिशवी धरून. मला न्हाऊ घालणं, उचलणं, एस.टी.त चढवणं, सगळं ती करते. हे वाक्य सत्कारात येत नाही म्हणून इथे घालते.

एका मे महिन्यात मी सरावाला मुंबईला गेले तेव्हा रेगेबाई म्हणाल्या, पौषात निवड चाचणी आहे. बायकांत जी पहिली येईल ती परदेशी सामन्यांना जाईल. मग त्यांनी मला खुर्चीत बसवून खेळवलं, मुखवटा काढला आणि म्हणाल्या,

“हात चांगला आहे. पण टोक अंगावर आलं की तू डोळे मिटतेस. तुला मार खायची सवय नाही. गावी जा आणि तुला मारणारं कोणीतरी शोध.”

मला वाटलं हे सोपं आहे. आमच्या गावात भांडणाला माणूस कधी कमी पडला नाही.

पहिले हायस्कुलाचे पी.टी.चे सर आले. धिप्पाड माणूस. त्यांनी माझ्या खांद्याला टोक लावलं आणि “सॉरी” म्हणाले. पुन्हा लावलं, पुन्हा सॉरी. चार दिवसांनी त्यांना खोकला झाला. मग व्यायामशाळेतले दोन पैलवान आले. ते माझ्यापुढे बसले आणि मी मारत राहिले तसे हसत राहिले. जाताना पाया पडले. दादाने एकदाच मारलं. मुखवट्याच्या जाळीतून मला त्याचे डोळे दिसले आणि मीच त्याला ऊठ म्हटलं. शेजारच्या म्हाताऱ्या आवयेने स्वच्छ सांगितलं, “पांगळ्या माणसाक मारल्यार पाप लागता.” आपल्या सुनेला ती जे बोलायची त्याचं पाप कुठे जमा होत होतं, ते मी विचारलं नाही.

मग तात्या मेस्त्री आले. तात्या दशावतारी. कंपनीत राक्षसाची कामं करायचे. मोठे डोळे, पहाडी आवाज, लांबच्या गावांतूनही माणसं त्यांचं मरण बघायला यायची. चातुर्मासात दशावतार बंद असतो, तेव्हा तात्या शेती करत आणि कंटाळत. तलवार म्हटल्यावर ते आपणहून आले. पावसामुळे चौकट पडवीत घेतली होती. तात्या लाकडी खुर्चीत बसले, मिशीवर हात फिरवला आणि पहिल्याच दिवशी माझ्या तलवारीवर अशी तलवार आणली की माडीवरची कबुतरं उडाली.

मी खूष झाले. रोज दुपारी तात्या येत. खण, खण, खणखण. तोंडाने मृदंगाचे बोल चालू. पडवीत बघ्यांची दाटी व्हायची. थोडी लढाई रंगली की मी टोक पुढे करायची, आणि तात्या छातीवर हात मारून, डोळे फिरवून, खुर्चीतल्या खुर्चीत असे मरायचे की पोरं टाळ्या वाजवायची. मी रोज जिंकत होते. गावात बोलबाला झाला की बाय आता कोणाला हार जात नाही.

माझ्या लक्षात यायला उशीरच लागला. एवढ्या दिवसांत तात्यांची तलवार माझ्या अंगाला एकदाही लागली नव्हती. मी त्यांना म्हटलं, तात्या, मला मारा. तात्या दचकले.

“मारू? बाय, तलवार तलवारीक लागाक व्हयी, माणसाक नाय. माणसाक लागली तर उद्या नाटक कोण करतलो?”

खरंच होतं त्यांचं. दशावतारात लढाई रात्रभर चालते, आवाज मोठा व्हावा लागतो, आणि सकाळी देव आणि राक्षस एकाच टोपातली पेज जेवतात. जन्मभर तात्यांनी एकाही देवाला ओरखडा काढला नव्हता. शिवाय शेवटी राक्षसाने मरायचं असतं. मी त्यांना पुष्कळ समजावलं. ते मान हलवत, तलवार उचलत, माझ्या छातीच्या रोखाने आणत, आणि वीतभर अंतरावर त्यांचा हात आपोआप वळून माझ्या पात्यावर येई. खण. ते स्वतःच ओशाळत. तुळशीची लग्नं लागली आणि ते कंपनीबरोबर निघून गेले. चाचणी दोन महिन्यांवर आली होती आणि मी एकही दणका न खाता अजिंक्य झाले होते.

त्याच सुमारास जिल्ह्याच्या एका मोठ्या साहेबांना माझं प्रात्यक्षिक बघायची इच्छा झाली. नुसतं बघायची नाही, माझ्याशी खेळायची. कार्यक्रम ठरला. माझी खुर्ची चौकटीत बसली. साहेब लाकडी खुर्चीत बसणार कसे? त्यांची ऑफिसातली खुर्ची आणली, पाठीवर टॉवेल घातलेली, गोल फिरणारी. ती चौकटीत मावेना, म्हणून शिपायांनी तिचे पाय काथ्याने बांधले. वरचा भाग बांधायचं कोणाला सुचलं नाही.

मी पुढे झुकून टोक टेकवलं. साहेब फोटोसाठी हसत होते, धक्क्याने ते खुर्चीसकट गर्रकन फिरले. दुसरा गुण मी त्यांच्या पाठीवर घेतला. फॉइलमध्ये पाठ चालते. फोटोग्राफर म्हणाला, मॅडम, परत एकदा मारा, जरा सावकाश. साहेबांना शिपायांनी धरून सरळ केलं, मी परत सावकाश मारलं, आणि साहेब माईकवर म्हणाले, “आज मी हरलो, याचा मला अभिमान आहे.” हरण्यासाठी त्यांनी काहीच केलं नव्हतं. शाल, नारळ. वहिनीला चहा मिळाला नाही, कारण चहा फक्त व्यासपीठावर होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खळ्यात चौकटीत बसून कुरकुरत होते. साहेबसुद्धा मारत नाहीत, सर मारत नाहीत, तात्या मारत नाहीत, आता चाचणीला जाऊन उपयोग काय. वहिनी कुळीथ पाखडत होती. मी म्हटलं, शाल नीट घडी करून ठेवायची होतीस, कालची तशीच बोळा पडलीय. हे मी कुरकुरीच्या ओघात म्हटलं. वहिनीने सूप खाली ठेवलं, हात पदराला पुसले आणि लाकडी खुर्चीत येऊन बसली.

“मुखवटो दी हंय,” ती म्हणाली.

मी मुखवटा दिला, जाकीट दिलं, तलवार कशी धरायची ते सांगायला लागले. ती ऐकत नव्हती. टोक सरळ आलं, माझ्या गळ्याच्या हाडाखाली बसलं. शिडाच्या तीन पदरांतून झिणझिण्या आल्या.

“लागला?”

“लागला.”

“बरा झाला,” वहिनी म्हणाली, आणि दुसरा दणका दिला.

तिला डाव येत नव्हते. गरजही नव्हती. तिच्याकडे विषय पुष्कळ होते. “ह्यो परवाच्या आमटीचो.” आमटी अळणी झाली असं मी म्हटलं होतं. “ह्यो त्या चायेचो.” चहाचा दणका खरं तर साहेबांचा होता, पण ते मिळण्यासारखे नव्हते. मीही काही जपून मारत नव्हते. तिने माझ्या कापड बेतायच्या कात्रीने सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, मिशा कापल्या होत्या, ते मी विसरले नव्हते. त्या दुपारी मी डोळे मिटले की मार बसायचा आणि उघडे ठेवले की निम्मा चुकायचा. रेगेबाईंनी जे सांगितलं होतं ते मला वहिनीने त्याचं नावही न काढता शिकवलं.

मग रोज. सकाळची भांडी झाली की वहिनी यायची. दंडावर, फासळ्यांवर निळे डाग पडले. मला झोप चांगली लागू लागली. वहिनीचाही चेहरा उजळला, हे तिच्या सासूपासून, म्हणजे माझ्या आईपासून, सगळ्यांनी पाहिलं.

पण खळं रस्त्याला लागून. तात्यांच्या खणखणाटाला गावाने टाळ्या दिल्या होत्या. आता आवाज नव्हता, नुसती एक धडधाकट बाई एका अपंग बाईला गुपचूप टोचत बसलेली दिसे. आठवड्याभरात महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई दोघींना घेऊन आल्या. वहिनीला त्यांनी पाप-पुण्य समजावलं. मला बाजूला घेऊन विचारलं, घरात काही त्रास आहे का, पुण्याला एक चांगली संस्था आहे. दादा संध्याकाळी म्हणाला, गावात काय दिसतं याचाही विचार करायला हवा. दुसऱ्या दिवशी वहिनी आलीच नाही. मी बोलावलं तर सुपामागून म्हणाली, लोकांची तोंडं तिला नको आहेत.

चाचणी महिन्यावर होती. मी अध्यक्षीणबाईंना निरोप पाठवला की आपल्याला या बाबतीत भेटायचं आहे. त्या लगेच आल्या, माझं रडणं ऐकायच्या तयारीने. मी त्यांना जाकीट दिलं आणि म्हटलं, वहिनीला पाप लागतं, तर पुण्यवान हाताने तुम्ही मारा. मला परदेशी जायचंय आणि रोज मार हवाय. त्या बसल्या. हळदीकुंकू लावावं तसं त्यांनी मला टोक लावलं. मी त्यांना एक नेमका दिला, जपून, बरगडीच्या बाजूला. त्या मुखवट्यातून “अगो बाय” म्हणाल्या आणि उठायला लागल्या. उठल्यावर चूक होते, मी सांगितलं. मग मुखवटा काढून त्या म्हणाल्या, “हे काम घरच्याच माणसाचं. पण रस्त्यावर नको.”

चौकट मागच्या दारी हलवली, कोंबड्यांच्या खुराड्यापाशी. वहिनीने एक अट घातली. चाचणी होईपर्यंत एकही सत्कार नाही. खुर्ची तिला उचलावी लागते. मी कबूल केलं, आणि त्या महिन्यात आलेली तीन आमंत्रणं तब्येतीवर ढकलली. लोकांना ते पटलं. अपंगाची तब्येत वाईट असणं त्यांना योग्यच वाटतं.

चाचणीला वहिनी बरोबर होती. मी एकेक बाई हरवत गेले. मार खाल्ला, पण डोळे उघडे. रेगेबाई लांबून बघत होत्या. शेवटी नागपूरची कमल उरली. काटक, बोलायला गोड, आणि हात विंचवासारखा. चार-चार झाले. मग तिने माझ्या पात्यावर पातं जोराने आपटलं, खण, आणि मी थांबले. क्षणभरच. पावसाळाभर त्या आवाजानंतर पुढची खण यायची, आणि माझा हात तिची वाट बघत राहिला. कमलला मृदंगाची वाट बघायची सवय नव्हती. टोक माझ्या छातीवर होतं. दोन महिन्यांत वहिनीला तात्या पुसता आले नाहीत.

परतीच्या गाडीत, कणकवली सोडल्यावर, वहिनी म्हणाली की त्या खणीला तू मेलंस.

मालवणच्या स्टँडवर उतरलो तर हार, फलक, आणि साहेब स्वतः. मी हरले हे त्यांना माहीत होतं. फलकावर ‘पराभवातही विजय’ असं रंगवून तयार होतं. म्हणजे रंगवणाऱ्याला ते आधीच सांगितलेलं असणार. मी म्हटलं, साहेब, मी हरले. साहेब म्हणाले, “आमच्यासाठी तुम्ही जिंकलातच.” मी पुन्हा सांगितलं की कमल नावाची एक बाई जिंकली, ती नागपूरची आहे, तिचा सत्कार करा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझी विनम्रता त्यांना आवडली. इतकी वर्षं मला मारायला कोणी तयार नव्हतं. आता हरायलाही देईनात.

आणि कधी नव्हे ते साहेबांनी वहिनीपुढे माईक धरला. ‘त्यांच्या प्रेरणेविषयी’ दोन शब्द बोला म्हणाले. वहिनीच्या हातात माझी पिशवी, तलवारी आणि नुकताच मिळालेला नारळ. तिने माईककडे बघितलं.

“हरला ता,” वहिनी म्हणाली. “एका दणक्यान हरला. फुडल्या वर्सा बगूया.”

नारळ तिने साहेबांच्या हातात परत दिला आणि खुर्ची ढकलायला लागली.

पुढचं वर्षभर आम्ही मागच्या दारी बसलो. तात्यांना मी पावसाळ्यात येऊ दिलं, पण बघायला. ते खुराड्यापाशी बसून वहिनीचे हात बघत आणि मान हलवत. लढाई कसली ही, ना आवाज ना गाणं, असं त्यांचं मत पडलं. वहिनी मधूनच पात्यावर पातं आपटायची आणि मी थांबले की मारायची. पौषापर्यंत मी थांबायची सोडली.

पौषात मी जिंकले. कमलला हरवून जिंकले. पुढे परदेशी गेले, तिथे दुसऱ्या फेरीत एका जाड्या बाईने मला उभं आडवं टोचलं. दणके असे सरळ की मला घरची आठवण आली. वहिनीला बरोबर न्यायला मिळालं नाही याचा राग अजून आहे. बरोबर यायला एक अधिकारी होते. त्यांनी खरेदी पुष्कळ केली.

पण सांगायचं ते निवड झाल्यावर गावी परतलो त्या सकाळचं. मालवणच्या स्टँडवर उतरलो तर हार नाही, फलक नाही. साहेबांची बदली झाली होती, नव्या साहेबांना वृक्षारोपणात रस होता. कंडक्टरने आणि वहिनीने मला उतरवलं. स्टँडच्या कट्ट्यावर तात्या बसले होते, रात्रीचा रंग कानामागे राहिलेला, घरी जायच्या गाडीची वाट बघत. ते उठून आले.

“शेवटाक मेलो कोण?” त्यांनी विचारलं.

“नागपूरवाली,” वहिनी म्हणाली.

तात्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाले, आज रात्री जवळच्याच देवळात नाटक आहे, दोघींनी या. आज मरायची पाळी त्यांची.

“येतलंव,” वहिनी म्हणाली. “पण देवळाक पायऱ्यो आसत. खुर्ची तुझ्या राक्षसांनी उचलूची.”